वातानुकूलन यंत्र आले, देखभालीचे काय?

वातानुकूलन यंत्रांच्या तापमानावर २० ते २८ अंश सेल्सिअस अशी मर्यादा घालण्याचा सरकारचा विचार केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल यांनी जून २०२५ मध्ये जाहीर केला, तेव्हा त्यावर हिरिरीने चर्चा झाली. नागरिकाने आपल्या घरात किती गारवा घ्यावा हे सरकारने ठरवावे काय, असा प्रश्न एका बाजूने विचारला गेला. विजेची टंचाई सर्वांनाच भोगावी लागत असल्याने सरकारला तो अधिकार आहे, असे दुसऱ्या बाजूने सांगितले गेले. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून या यंत्रांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि मध्यमवर्गाने त्याचे मनापासून स्वागत केले. या दोन्ही चर्चांत एक साधी गोष्ट मात्र राहून गेली. यंत्र किती अंशांवर लावावे आणि ते किती स्वस्त मिळावे यावर पुष्कळ बोलले गेले. ते विकत घेतल्यानंतर त्याची निगा कोण राखणार, याविषयी कोणीच काही बोलले नाही. ज्या जाळीतून खोलीतील सारी हवा तासातासाला अनेक वेळा जाते, ती जाळी शेवटची केव्हा धुतली, हे आज कित्येक घरांत कोणालाही सांगता येणार नाही.

हा प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तो तसा नाही, हे पाहावयाचे असेल तर उरणसारखे दुसरे गाव सापडणे कठीण. एके काळी भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगणारा हा तालुका गेल्या पाच दशकांत पार बदलून गेला. तेल आणि नैसर्गिक वायू आयोगाचा प्रकल्प आला, वायूवर चालणारे वीजनिर्मिती केंद्र आले, १९८९ मध्ये न्हावाशेव्याचे बंदर सुरू झाले, आणि १२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंतची रेल्वे व शिवडीहून येणारा सागरी सेतू या दोहोंचे उद्घाटन एकाच दिवशी झाले. या बदलाची किंमत येथील माणसांनी मोजली आहे. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनात गोळीबार झाला आणि पाच जणांना प्राण गमवावे लागले. तेव्हा ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या घरांत आज थंड हवेचे यंत्र बसले असेल, तर त्याकडे पाहून नाक मुरडण्याचा अधिकार कोणालाही नाही.

शिवाय गारवा ही आता केवळ चैन राहिलेली नाही. उरणपासून फार दूर नसलेल्या खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या समारंभास जमलेल्या लोकांपैकी १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. कोकणकिनाऱ्यावर पारा विदर्भाइतका चढत नाही, हे खरे. परंतु हवेत बाष्प भरलेले असले म्हणजे घाम सुकत नाही आणि शरीरातील उष्णता बाहेर पडण्याची वाट बुजते. वृद्ध, आजारी आणि तान्ही मुले असलेल्या घरात हे यंत्र औषधासारखे उपयोगी पडते. म्हणूनच ते घ्यावे की न घ्यावे हा वाद येथे अप्रस्तुत आहे. घेतलेल्या यंत्राचा पूर्ण मोबदला घरमालकाला मिळतो काय, हा खरा प्रश्न आहे.

जाळीआड काय घडते?

वातानुकूलन यंत्र बाहेरून थंड हवा आत आणते, ही एक रूढ गैरसमजूत आहे. भिंतीवरचे नेहमीचे यंत्र खोलीतलीच हवा पुनःपुन्हा ओढून घेते, ती थंड कॉइलवरून नेते आणि परत खोलीत सोडते. या वाटेवर प्रथम लागते ती नायलॉनची बारीक जाळी. धूळ, कापसाचे तंतू आणि केस तिने अडवावेत, जेणेकरून पाठीमागच्या कॉइलच्या पातळ पत्र्यांत ते जाऊन बसू नयेत, एवढाच तिचा उद्देश असतो. जाळी धुळीने भरली की तिच्यातून जाणारी हवा कमी होते. हवा कमी झाली की कॉइलला मिळणारी उष्णता कमी होते, खोली थंड होण्यास अधिक वेळ लागतो आणि तेवढा वेळ कॉम्प्रेसर अधिक चालतो. खोलीतला माणूस वैतागून २४ वरून १८ अंशांवर जातो. त्यामुळे खोली अधिक लवकर थंड होत नाही. यंत्र थांबण्याची वेळ मात्र आणखी लांबते. दुर्लक्ष असेच चालू राहिले तर कॉइलवर बर्फ धरतो, तो वितळून पाणी भिंतीवरून ओघळू लागते, आणि वायुरूपात कॉम्प्रेसरकडे परतावयाचे शीतकारक द्रव्य पातळ स्वरूपातच तेथे पोहोचण्याचा धोका निर्माण होतो. यंत्रातील सर्वांत महाग भाग निकामी होण्याच्या वाटांपैकी ही एक आहे, आणि तिची सुरुवात एका न धुतलेल्या जाळीपासून झालेली असते.

उरणची हवा या यंत्राची परीक्षा तीन अंगांनी पाहते. पहिले अंग बाष्पाचे. हवेतील बाष्प कॉइलवर पाणी होऊन साठते, म्हणून किनाऱ्यावरच्या घरात कॉइल सदैव ओली राहते. ओल्या पृष्ठभागावर धूळ नुसती बसत नाही, चिकटते; आणि ओलावा व धूळ एकत्र आली की बुरशीला दुसरे काही लागत नाही. यंत्र सुरू करताच येणारा कुबट वास हा तिचाच. दुसरे अंग धुळीचे. बंदराकडे जाणारी कंटेनरवाहू वाहने, उलवे व द्रोणागिरी परिसरात वर्षानुवर्षे चाललेली बांधकामे, विमानतळासाठी कापली गेलेली उलव्याची टेकडी, या सर्वांनी या पट्ट्यातील घरांना धुळीची सवय लावली आहे. तिसरे अंग मिठाचे. खारा वारा बाहेरच्या युनिटमधील ॲल्युमिनियमचे पत्रे कुरतडतो आणि लोखंडी कंसांना गंज चढवतो. उघडी गटारे आणि खाडीचा चिखल यांतून निघणारे गंधकयुक्त वायू तांब्याच्या नळ्यांना काळवंडून टाकतात. एखाद्या कोरड्या, स्वच्छ हवेच्या गावी जी देखभाल महिन्यातून एकदा पुरेल, ती येथे दर पंधरवड्यास करावी लागेल, हे ओघानेच येते.

हिशेब रुपयांचा

आता थोडा हिशेब पाहू. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने असे सांगितले आहे की, तुंबलेली जाळी काढून स्वच्छ जाळी बसविल्यास वातानुकूलनाचा वीजखर्च ५ ते १५ टक्क्यांनी कमी होऊ शकतो. तिकडची घरे मोठी आणि यंत्रणा वेगळ्या धाटणीच्या, तेव्हा हे प्रमाण येथे तंतोतंत लागू होईल असे नव्हे. पण हिशेबाला आधार म्हणून ते पुरेसे आहे. दीड टनाचे यंत्र वर्षाकाठी ९०० युनिटे घेते आणि एका युनिटला सरासरी १० रुपये पडतात, असे समजू. वार्षिक खर्च ९,००० रुपये झाला. त्याचे ५ टक्के म्हणजे ४५० रुपये आणि १५ टक्के म्हणजे १,३५० रुपये. आठ महिने यंत्र चालते, दर पंधरा दिवसांनी जाळी धुतली जाते आणि त्यास प्रत्येक वेळी २० मिनिटे लागतात असे धरले, तर वर्षाला १६ वेळा मिळून साधारण सव्वापाच तासांचे काम होते. या कामाची मजुरी तासाला सुमारे ८५ ते २५० रुपये पडते, आणि ती करमुक्त आहे. कॉम्प्रेसरचे वाचलेले आयुष्य यात धरलेलेच नाही.

हा हिशेबही कमीच भरतो, याचे कारण वीजदरांच्या रचनेत आहे. महावितरणच्या घरगुती दरांना १००, ३०० आणि ५०० युनिटांचे टप्पे आहेत; वापर जसजसा वाढतो तसतसा पुढच्या युनिटाचा दर चढत जातो. पंखा, दिवे आणि शीतकपाट यांची युनिटे खालच्या टप्प्यांत बसतात. तुंबलेल्या जाळीमुळे वाया जाणारी युनिटे नेहमी सर्वांत वरच्या टप्प्यात मोजली जातात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सीमान्त खर्चाचे याहून घरगुती उदाहरण शोधूनही सापडणार नाही. सरासरी दराने जो तोटा लहान दिसतो, तो सीमान्त दराने पाहिला असता बराच मोठा असतो.

मग एवढी उघड बचत लोक का करीत नाहीत? माणसे आळशी आहेत, हे उत्तर सोपे असले तरी अपुरे आहे. पहिले कारण असे की, हा तोटा कोठेही वेगळा दिसत नाही. वीजबिलावर 'न धुतलेल्या जाळीचा आकार' म्हणून रकाना नसतो. मे महिन्यातील वाढलेले बिल मे महिन्याच्या माथी मारले जाते. दुसरे कारण भाड्याच्या घरांचे. यंत्र मालकाचे आणि बिल भाडेकरूचे असले म्हणजे यंत्र टिकण्यात एकाचा आणि ते काटकसरीने चालण्यात दुसऱ्याचा स्वार्थ असतो, आणि जाळी दोघांच्या मधोमध पडून राहते. तिसरे कारण बाजाराचे. नवे यंत्र विकण्यात आणि बिघडलेले दुरुस्त करण्यात पैसा आहे. ग्राहकाने स्वतःच्या हाताने नळाखाली जाळी धुण्यात कोणाचाही नफा नाही. त्यामुळे त्याची जाहिरात होत नाही. 'गॅस कमी झाला आहे' हे वाक्य ग्राहकाला वारंवार ऐकावे लागते ते याच बाजारात. वास्तविक शीतकारक वायू हा पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत असतो. तो खरोखरच कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि ती न बुजविता नवा वायू भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय. पुष्कळदा तर गारवा कमी होण्याचे कारण जाळी आणि कॉइल यांवरची धूळ हेच असते.

गळतीचा संबंध केवळ खिशाशी नाही. १९८७ च्या माँट्रियल करारानुसार ओझोनला घातक असा आर-२२ वायू टप्प्याटप्प्याने बाद होत आहे. त्याच्या जागी आलेला आर-४१०ए हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,००० पट, तर आर-३२ हा सुमारे ६७५ पट तापमानवाढ करणारा वायू आहे. एका घरातून गळलेला किलोभर वायू वातावरणात किती भर घालतो, याचा अंदाज यावरून यावा.

खारबांधाची शिकवण

देखभाल ही उत्पादनाचाच भाग असते, हे उरण-पेण-अलिबागच्या खारेपाटाला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. भरतीच्या पाण्यापासून भातशेती वाचविणारे मातीचे बांध हे या प्रदेशाचे खरे भांडवल होते. खेकड्याने पाडलेले एक भोक वेळीच बुजविले नाही, तर उधाणाचे पाणी बांध फोडून शिरते आणि जमीन कित्येक हंगाम नापीक होते, हे येथील पोरासोरांनाही ठाऊक असे. जुन्या कुलाबा जिल्ह्यातील शिलोत्री पद्धतीत बाहेरच्या बांधाच्या डागडुजीसाठी शेतकऱ्याकडून धान्याचा ठरावीक वाटा घेतला जाई. आजच्या भाषेत तो घसारा निधी होता. पीक येण्याची जबाबदारी जितकी पेरणाऱ्याची तितकीच बांध राखणाऱ्याची, हे तत्त्व त्यात गृहीत होते. पुढे १९४८ च्या खारजमीन कायद्याने आणि १९७९ च्या अधिनियमाने ही जबाबदारी शासनाकडे सरकली. आता तर शेतीच आटली आणि त्याबरोबर ती शिस्तही विस्मरणात गेली.

दुसरा दाखला याहून जवळचा आहे. बोकडविरा येथील वायूवर चालणारे वीजनिर्मिती केंद्र १९८२ पासून उभे आहे. त्याची स्थापित क्षमता वाढत ६७२ मेगावॅटपर्यंत नेण्यात आली. तेथील टर्बाइनमधून बाहेर पडणारी तप्त हवा वाया न घालविता तिच्या उष्णतेवर १२० मेगावॅटचे दोन संच चालविण्याची योजना करण्यात आली. विशेष म्हणजे प्रत्येक गॅस टर्बाइन हवा आत घेते ती गाळणीतून. ही गाळणी तुंबली की टर्बाइनची शक्ती घटते आणि इंधन अधिक लागते. म्हणून गाळणीच्या अलीकडील व पलीकडील दाब मोजत राहणे हा अशा केंद्रांतील नित्याचा भाग असतो. वीज निर्माण करणारा अभियंता ज्या गाळणीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो, तिचीच धाकटी बहीण ती वीज वापरणाऱ्याच्या भिंतीवर धूळ खात असते. एका टोकाला टक्क्याटक्क्याने कमावलेली कार्यक्षमता दुसऱ्या टोकाला उधळली जाते, असा याचा अर्थ.

आणि ही उधळण राष्ट्राला परवडणारी नाही. ३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी सुमारे २,५०,००० मेगावॅटवर पोहोचली. मार्च २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारत शीतलन कृती आराखड्यानुसार त्या सुमारास देशातील जेमतेम ८ टक्के घरांत वातानुकूलन यंत्र होते. २०३७-३८ पर्यंत हे प्रमाण ४० टक्क्यांवर जाईल, असा त्यात अंदाज आहे. म्हणजे आजच्या सवयी पाचपट घरांत जाणार आहेत. त्या चांगल्या असल्या तर चांगल्या, वाईट असल्या तर वाईट.

घरात करावयाचे आणि न करावयाचे

सवय लावण्यास अवघड असे यात काही नाही. प्रथम यंत्राचे बटण भिंतीवरच बंद करावे. रिमोटने बंद केलेल्या यंत्रात वीज येतच असते. पुढचे झाकण उचलून जाळ्या अलगद बाहेर ओढाव्यात, घराबाहेर झटकाव्यात, आणि मग नळाखाली उलट्या बाजूने पाणी सोडावे, म्हणजे धूळ जाळीत रुतण्याऐवजी निघून जाते. चिकट थर असेल तर कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरतो. उकळते पाणी वापरू नये आणि जाळी कडक उन्हात वाळवू नये. प्लास्टिकची चौकट वाकते आणि मग हवा जाळीला वळसा घालून जाते. सावलीत पूर्ण वाळल्याखेरीज जाळी परत बसवू नये. काही यंत्रांत अधिक सूक्ष्म गाळणीची पट्टी असते. ती बहुधा धुण्याजोगी नसते, ठरावीक मुदतीनंतर बदलावी लागते. तिच्यासंबंधीची सूचना यंत्रासोबतच्या पुस्तिकेत असते. ही पुस्तिका एकदा तरी वाचावी.

घरच्या माणसाचे काम येथे संपते. कॉइल आणि ड्रेन पाइप यांची खोलवर सफाई वर्षातून एकदोनदा जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्यावी, आणि उरणसारख्या ठिकाणी बाहेरच्या युनिटवर साचलेले मीठ गोड्या पाण्याने धुवून घेण्याचा आग्रह धरावा.

याबरोबरच जाळीकडून अवास्तव अपेक्षाही ठेवू नये. साधी नायलॉनची जाळी धुरातील आणि धुळीतील अतिसूक्ष्म कण अडवू शकत नाही. बाहेरची प्रदूषित हवा तिने शुद्ध होत नाही. शिवाय यंत्र आतलीच हवा फिरवीत असल्याने खिडकी दिवसातून काही काळ उघडणे आवश्यक राहते. उलट अकारण भीतीही बाळगू नये. १९७६ च्या जुलैमध्ये फिलाडेल्फियातील एका हॉटेलात जमलेल्या माजी सैनिकांत जो घातक न्यूमोनिया पसरला, त्यावरून वातानुकूलनाची पुष्कळ बदनामी झाली. तो रोग पसरविणारे जिवाणू मोठ्या इमारतींच्या पाण्याने थंड होणाऱ्या शीतक मनोऱ्यांत वाढू शकतात. घरातील लहान यंत्रात तसा मनोराच नसतो. घरात धोका आहे तो बुरशीचा आणि धुळीचा. दमा व ॲलर्जी असणाऱ्यांना तो पुरेसा त्रासदायक ठरतो.

जबाबदारी कोणाची?

देखभालीचा एक पैलू घरमालकाच्या दृष्टीआड राहतो, आणि तो सर्वांत गंभीर आहे. बाहेरचे युनिट बहुधा इमारतीच्या बाह्य भिंतीवर, तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर, गंजत चाललेल्या लोखंडी कंसांवर टांगलेले असते. त्याची सफाई करावयाची म्हणजे एखाद्या तरुणाने खिडकीतून बाहेर निघून वीतभर छज्जावर उभे राहावयाचे. त्याच्या कमरेला पट्टा असतोच असे नाही, आणि पट्टा असला तरी तो अडकविण्यास भिंतीत कडी नसते. ग्राहक दोनशे रुपयांवरून त्याच्याशी घासाघीस करतो. शीतलन आराखड्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते; परंतु प्रमाणपत्र हे पडणाऱ्याला धरून ठेवीत नाही. नव्या इमारतींचे नकाशे मंजूर करताना बाहेरच्या युनिटपर्यंत सुरक्षितपणे पोहोचता येईल असा सज्जा आणि पट्टा अडकविण्याची कडी या गोष्टी अनिवार्य केल्या पाहिजेत. द्रोणागिरी आणि उलव्यात इमारती अजून उभ्या राहत असताना हे करणे सोपे आहे. नंतर ते महाग पडेल. जुन्या इमारतींतील गृहनिर्माण संस्थांनी कंसांची तपासणी आपल्या वार्षिक दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात घेतली पाहिजे.

ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची तारांकित पट्टी २०१० पासून खोलीच्या यंत्रांवर बंधनकारक आहे, आणि तिने ग्राहकाला चांगले वळण लावले. पण तिच्यावरचा वीजवापराचा आकडा नव्या, स्वच्छ यंत्राचा, वर्षाला १,६०० तास धरून काढलेला असतो. पाच तारे विकत घेणारा ग्राहक जाळी न धुता त्यातले तारे गमावू शकतो, हे त्या पट्टीवर ठळक अक्षरांत लिहिण्यास एका ओळीची जागा लागेल. जाळी भरल्याचे सांगणारा दिवा काही यंत्रांत असतो. तो सर्वच यंत्रांत असावा असा नियम करणे ब्यूरोच्या अधिकाराबाहेरचे नाही.

शेवटी, शिक्षक आणि कर्मचारी यांच्या हातात असलेली एक गोष्ट. शाळा, महाविद्यालये, बँका आणि सरकारी कचेऱ्या यांतून बसविलेले प्रत्येक यंत्र डेड स्टॉक रजिस्टरमध्ये काटेकोरपणे नोंदले जाते. क्रमांक, किंमत, खरेदीची तारीख, सारे तेथे असते. ते केव्हा स्वच्छ केले, याचा रकाना मात्र नसतो. त्यामुळे संगणकाच्या प्रयोगशाळेतील यंत्र बंद पडेपर्यंत ते कोणाचेच नसते, आणि बंद पडल्यावर नव्याची निविदा निघते. जुन्या यंत्राच्या देखभालीस शंभर रुपये मंजूर करून घेणे कठीण आणि नव्या यंत्रास चाळीस हजार मिळविणे सोपे, ही आपल्या हिशेबपद्धतीची जुनी व्याधी आहे. त्या रजिस्टरात एक रकाना वाढविण्यास कोणत्याही मंत्रालयाची परवानगी लागत नाही. मुख्याध्यापकाने किंवा शाखाधिकाऱ्याने ठरविले तर येत्या सोमवारपासून तो सुरू होऊ शकेल. आणि पंधरा दिवसांनी त्यात पहिली तारीख पडली, तर तेवढ्याने वीज वाचेल, यंत्र टिकेल आणि विद्यार्थ्यांना राखण्याच्या कामाचे मोल डोळ्यांसमोर दिसेल.